आबाच्या पाठीवरचा डाग

वीस किलो साखर, सातशे ग्रॅम मीठ, चोवीस लिटर पाणी.

•

मुंग्या. पाचव्या मजल्यावरसुद्धा.

•

"ताई, तुम्ही आधी." हे ती घराच्या दारात म्हणते. लॅबच्या दारात तिचं कार्ड आधी लागतं.

•

गौरीचे दोन मुखवटे. एक ज्येष्ठा, एक कनिष्ठा. दोघींचे चेहरे एकाच साच्यातले. फरक फक्त आम्हाला कळतो.

•

अकरा माणसं ओळीनं बर्फातून चालली आहेत. त्यांतल्या एकालाही माझं नाव माहीत नाही.

•

निळ्या फोमच्या सुळक्यांनी भिंती, छत, जमीन मढवलेली खोली. आत आवाज परत येत नाही. नवीन माणूस पाच मिनिटांत बाहेर येतो आणि म्हणतो, कानात काहीतरी होतंय. मी एकवीस वर्षं आत आहे.

•

एकशे अडतीस अंश.

•

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे. सांगते.

कोण कोण

मी हर्षला तांबवेकर. पुण्यातल्या एका संरक्षण प्रयोगशाळेत तांत्रिक अधिकारी. डिप्लोमा. माझं काम मोजणं. अँटेना कोणीही बनवो, ती निळ्या खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये, माझ्याकडे येते. मी ती फिरत्या पाटावर चढवते, एकेक अंश फिरवते आणि जे दिसेल ते लिहिते.

मैथिली तांबवेकर. डॉक्टर, शास्त्रज्ञ, प्रकल्पप्रमुख. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. माझ्या धाकट्या दिराची बायको, म्हणजे माझी जाऊ. घरात ती मला ताई म्हणते आणि मी तिला अगं-तुगं करते. लॅबमध्ये मी तिला मॅडम म्हणते. ती मलाही मॅडम म्हणते, पण तिच्या फायलीवर मी सही करत नाही, माझ्या तक्त्यावर ती करते.

आम्ही एकाच गाडीतून येतो. गेटच्या आत शिरलो की दोघींची भाषा बदलते. गाडीत ती विचारते, "ताई, आज डब्यात काय दिलंत?" आणि लिफ्टमध्ये, "मॅडम, तीन वाजेपर्यंत तक्ता मिळेल?"

तिसरा आबा. आबा फायबरचा आहे. डोकं नाही, हात कोपरापर्यंत, पाय नाहीत. नुसतं धड, आतून पोकळ. त्याच्यात मी साखर-मिठाचं पाणी भरते. आम्ही त्याला पाक म्हणतो. रेडिओलहरींना माणसाचं मांस आणि हा पाक यांतला फरक कळत नाही. दर पंधरा दिवसांनी पाक नव्यानं करावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. भांडारातला माणूस दर वेळी विचारतो, "मॅडम, वीस किलो साखर? कुणाचं बारसं?"

विज्ञान, थोडक्यात

शरीर हा रेडिओचा शत्रू आहे. माणूस म्हणजे खारट पाण्याची पिशवी. अँटेना अंगाला चिकटली की पाणी तिचा आवाज पिऊन टाकतं. म्हणून जुने जवान पाठीवर लांब काठी घेऊन हिंडायचे, आणि ती काठी पहिल्यांदा शत्रूला दिसायची.

मैथिलीनं दोन गोष्टी केल्या. पहिली, तिनं अँटेना जाकिटाच्या कापडातच विणली. चांदीचा मुलामा दिलेला धागा, पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये. बाहेरून काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट मोठी. एका जाकिटाचा आवाज फार बारीक असतो, उपग्रहापर्यंत पोचत नाही. पण अकरा जाकिटं एकाच क्षणी, एकाच लयीत बोलली तर अकरा लाटा एकावर एक चढतात. एका दिशेला मोठा आवाज जातो आणि बाकी सगळीकडे लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. डोंगरापलीकडे बसलेल्याला काहीच ऐकू येत नाही. अकरा माणसं मिळून एक अँटेना. वर्तमानपत्रात हाच मथळा आला होता, तिच्या फोटोसकट.

यात एक अट आहे. अकराही लाटांचे चढ-उतार जुळले पाहिजेत. चढ-उतारातला फरक अंशांत मोजतात. शून्य म्हणजे दोघं बरोबर ओढताहेत, एकशे ऐंशी म्हणजे दोघं उलट ओढताहेत. जवान सकाळी गोल करून मिनिटभर उभे राहतात, तेव्हा जाकिटांची घड्याळं आपोआप जुळतात. पण लाट कापडातून बाहेर पडायला किती उशीर लावते, हे घड्याळाला कळत नाही. ते आधीच मोजून जाकिटात भरून ठेवावं लागतं.

ते मी मोजलं. अकराही जाकिटांच्या पोटात जो तक्ता आहे तो माझ्या हातचा आहे. मथळ्यात ही ओळ नव्हती.

मापन क्र. ४०७

गौरी यायला आठ दिवस होते. सकाळचे अकरा. आबाच्या अंगात सहा नंबरचं जाकीट, पाट फिरतोय, मी बाहेर पडद्यासमोर. आकडे छान सरळ रेषेत चालले होते. मग रेषा हलली आणि उडी मारून भलतीकडे गेली.

आत जाऊन बघितलं तर आबा गळत होता. डाव्या खांद्याचा सांधा सुटला होता. पाक झिरपून जाकिटाच्या पाठीवर डाग पसरला होता, खांद्यापासून मणक्यापर्यंत, आंब्याच्या कोयीच्या आकाराचा.

अशा वेळी काय करायचं हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. विचारही करायचा नसतो. गळतीतलं रीडिंग म्हणजे खराब रीडिंग. सांधा बुजवायचा, जाकीट पुसायचं, हेअर ड्रायरनं वाळवायचं, पुन्हा मोजायचं. मी तेच केलं. कोरडं रीडिंग तक्त्यात गेलं. ओलं रीडिंग माझ्या कच्च्या वहीत राहिलं, कारण कच्च्या वहीत मी सगळंच लिहिते. फरक एकशे अडतीस अंश.

शेरा: काही नाही. (तक्त्यात शेऱ्याचा रकाना असतो. मी तो रिकामा सोडला.)

इथपर्यंत माझी चूक कुणीही केली असती. इथपर्यंतच.

घर

आमच्याकडे ज्येष्ठा गौर थोरली सून आत आणते, कनिष्ठा धाकटी. एकोणीस वर्षं ज्येष्ठा माझ्या हातून आली. सुरुवातीची काही वर्षं कनिष्ठाही मीच आणली, दोन फेऱ्या मारून.

त्या वर्षी सासूबाई आदल्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "हर्षला, यंदा ज्येष्ठा मैथिलीच्या हातून येऊ दे. एवढं नाव काढलंय पोरीनं. पेपरात आलंय. तू कनिष्ठा घे."

"आई, नको हं," मैथिली म्हणाली. "ताईंचा मान आहे तो."

"मानाचं काय त्यात? गौरी काय परक्या आहेत? हर्षलाला काही वाटणार नाही. हो की नाही गं?"

"मला काय वाटायचंय," मी म्हणाले. "शेपू कुणी आणलाय हा? नुसत्या काड्या आहेत."

"मी आणला," मैथिली म्हणाली.

"तरीच."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. हेच मला तिचं सहन होत नाही. तिला माझा राग येत नाही. तिनं नको म्हटलं, आणि नको म्हटलं म्हणूनच सगळ्यांना ते तिलाच द्यावंसं वाटलं. मी एकोणीस वर्षांत कधी नको म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन कडक. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं. पुढे मैथिली, हातात ताम्हन, ताम्हनात ज्येष्ठा. मागे मी कनिष्ठा घेऊन. तिनं जड पैठणी नेसली होती, दागिने होते, घरात पंधरा बायका आणि स्वयंपाकघरात दोन शेगड्या. माझ्यासमोर दीड हातावर तिची पाठ होती.

तिच्या ब्लाउजच्या पाठीवर घामाचा डाग होता. खांद्यापासून मणक्यापर्यंत. कोयीच्या आकाराचा.

मी थांबले. मागच्या कुणीतरी मला हलकेच ढकललं.

मीठ आणि पाणी. आबा गळला नव्हता. आबाला घाम आला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माणसासारखं काहीतरी केलं होतं आणि मी ते पुसून, वाळवून टाकलं होतं. बर्फातसुद्धा पुढे वाट फोडणाऱ्याला घाम येतो. ओझं वाहणाऱ्याला येतो. मागून रिकाम्या हातानं चालणाऱ्याला येत नाही. म्हणजे अकरांतले निम्मे एका बाजूला ओढणार, निम्मे उलट.

"गौर आली?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"आली," मैथिली म्हणाली.

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

त्या क्षणी मी तिला सांगू शकले असते. तोंड तिच्या कानापासून दीड हातावर होतं. पण बायका तिच्याकडे बघत होत्या, एक जण फोटो काढत होती, आणि माझ्या मनात जे आलं ते मी जसंच्या तसं लिहिते: बघू दे. पडू दे एकदा तिला तोंडावर. मी मोजते म्हणूनच सगळं बरोबर येतं, हे कळू दे सगळ्यांना.

माझ्या मोजण्यातच चूक होती, हे मला ठाऊक असूनही.

सांगायचे प्रयत्न

आवाहन ते चाचणी, सोळा दिवस.

पहिला: पूजनाच्या दिवशी, पुरणपोळ्या लाटताना. तिची पोळी फुटली. "ताई, तुम्हाला कसं जमतं?" मी तिला पोळी शिकवली. दुसरं काही सांगितलं नाही.

दुसरा: गाडीत, सिग्नलला. "मैथिली, ते सहा नंबरचं..." तेवढ्यात तिचा फोन वाजला. दिल्लीहून. फोन वीस मिनिटं चालला आणि मला बरं वाटलं.

तिसरा: मी चिठ्ठी लिहिली. ~~मॅडम, मापन ४०७ मध्ये~~ ~~मैथिली, एक गोष्ट~~ ~~प्रति, प्रकल्पप्रमुख, विषय~~ कोणत्या नावानं सुरुवात करायची हे ठरेना. चिठ्ठी फाडली.

चौथा: नवऱ्याला सांगायचं ठरवलं. श्रीरंग पेपर वाचत होता.

"तुझं काय बिनसलंय?" त्यानंच विचारलं.

"काही नाही."

"मैथिलीशी काही झालं का? तिला विचारू?"

"हो, तिलाच विचार. सगळं तिलाच येतं."

त्यानं पेपर पुन्हा वर केला.

पाचवा: नाही. पाचवा नव्हताच. नंतर मी स्वतःची समजूत घातली. बर्फ आहे, घाम लगेच गोठेल, गोठला की पाणी राहत नाही, रेडिओ बर्फाला फारसं विचारत नाही. हे अर्धं खरं आहे. अर्धं खरं बोलायला मी लॅबमध्येच शिकले.

चाचणी

उत्तरेकडची एक दरी, नाव मला माहीत नाही आणि असतं तरी लिहिता आलं नसतं. अकरा जवान, तीन दिवस. सोबत दुसरा रेडिओ होता, सीलबंद पेटीत, पण त्या दरीत तो चालतच नाही. तो चालत नाही म्हणून तर ही जाकिटं. दर दोन तासांनी ते वर बोलणार, उपग्रहामार्फत ते पुण्यात आमच्या नियंत्रणकक्षात ऐकू येणार. आम्ही बोललेलं त्यांना ऐकू येतं, कारण उपग्रह जोरात बोलतो, एका जाकिटालाही ते पुरतं. खालून वर जाणाऱ्या आवाजालाच अकरा लागतात.

पहिला दिवस सपाटीवरचा. सगळं सुरळीत. पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी चढण होती.

सकाळी आठचा निरोप आला. दहाचा आला नाही. संचालक डॉ. बेलसरे म्हणाले, "चढणीवर असतील. उशीर करतात हे लोक." मैथिलीनं खालचा ओठ आत घेतला. ती घरी कुकरची शिट्टी होईना तेव्हाही तसंच करते.

बाराचा आला नाही.

कक्षात अठरा माणसं होती आणि एकही खुर्ची वाजत नव्हती. पडद्यावर हवामानाचा नकाशा होता. दरीच्या डोक्यावर पांढरा ढग सरकत होता.

मी मागच्या रांगेत होते. समोर मैथिलीची पाठ. कोरडी, इस्त्रीचा कुर्ता. खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं मला चांगलं वाटलं. बेलसरे तिच्याशी तुटकपणे बोलले तेव्हा चांगलं वाटलं. मग कुणीतरी जवानांची यादी मोठ्यानं वाचायला लागलं. कोण पुढे, कोण मागे, कोणाच्या पाठीवर किती ओझं. लान्स नाईक भिकाजी वरुटे, पुढून दुसरा, दोरखंड आणि तंबू. नावं आली आणि मला ओलं कापड दिसायला लागलं.

मी उठले. "मॅडम, मापन चारशे सात."

तिनं मागे वळून बघितलं. "काय?"

"आबा गळला होता. ओलं रीडिंग वेगळं आहे. एकशे अडतीस अंशांनी. पुढच्यांना घाम आलाय. ते उलट ओढताहेत."

बेलसरे म्हणाले, "तांबवेकर मॅडम, तक्त्यात असं काही नाही."

"नाही. मी घातलं नाही."

"तक्त्यावर तुमची सही आहे. सगळी रीडिंग्ज स्वच्छ. आता ऐन वेळी तुम्ही म्हणता..."

"सर, गळतीचं रीडिंग आपण धरत नाही," मैथिली म्हणाली. ती माझी बाजू घेत होती, आणि त्याच वेळी मला खोटं पाडत होती. दोन्ही तिला एकाच वाक्यात जमतं. "मॅडम, एका गळतीवरून मी ओझेवाल्यांच्या सहा जाकिटांचे आकडे बदलू शकत नाही. तुमचा आकडा चुकला तर जे थोडंफार जुळतंय तेही जाईल. आबा जागेवर आहे का?"

"आबा रिकामा आहे. काल पाक काढला."

"मग?"

"मी आहे ना."

चेंबर त्याच मजल्यावर. कालचा पाक कोपऱ्यातल्या ड्रममध्ये होता. मी राखीव जाकीट अंगात घातलं, मग घालून मोजायच्या आधी भिजवायचं राहिलं म्हणून पुन्हा काढलं. मैथिलीनं जाकीट माझ्या हातातून घेतलं, पाठीचा भाग ड्रममध्ये बुडवला, पिळला आणि मला घातलं. मुलाला स्वेटर घालतात तसं. चिकट, गार पाक मानेवरून पाठीच्या पन्हळीत उतरला.

मी पाटावर चढले, जिथे आबा असतो. तिनं जाड दार लावलं.

आतला आवाज एकवीस वर्षांत मला नवा नव्हता, पण पाटावर उभं राहून कधी ऐकला नव्हता. पाट फिरायला लागला. निळे सुळके हळूहळू बाजूनं सरकत होते. भिंतीतल्या स्पीकरमधून तिचा आवाज आला.

"हलू नका. श्वास धरा."

मी धरला.

"सोडा. पुन्हा."

मापनात मोजणारा कोण आणि मोजलं जाणारं कोण हे नेहमी ठरलेलं असतं. त्या अकरा मिनिटांत ती पडद्यासमोर होती आणि मी आबा. मला डोकं आहे हे एवढंच माझं वेगळेपण, आणि त्या डोक्यात तेव्हाही हेच चाललं होतं की ती किती पटकन करतेय. मी जाकीट आधी कोरडंच घातलं, तिनं सरळ ड्रममध्ये बुडवलं.

"एकशे एकेचाळीस," स्पीकर म्हणाला. मग, "ताई, बरोबर आहे तुमचं."

लॅबमध्ये ती मला पहिल्यांदा ताई म्हणाली.

सूर

ओझं वाहणाऱ्या सहा जणांच्या जाकिटांसाठी नवा आकडा पाठवला. काही नाही. मैथिलीनं माझा ओला आकडा आणि तक्त्यातला कोरडा आकडा यांच्या मधला घेतला. खरखर. तिनं पुढून पहिल्या तिघांना जास्त दिला आणि मागच्या तिघांना कमी, कारण मागच्यांचा घाम अर्धवट गोठला असणार. हे तिनं कुठून काढलं? मी सोळा दिवस विचार करत होते. तिनं चार मिनिटं केला.

एक वाजून बावीस मिनिटांनी माणसाचा आवाज आला. तो आधीपासून बोलत होता. तीन तास तोच निरोप पुन्हा पुन्हा देत होता, कुणी ऐकतंय की नाही हे माहीत नसताना.

"...वरुटे चालू शकत नाही. उजवा बूट फाटलाय, पाय बधिर. खाली उतरायची परवानगी पाहिजे. वरुटे चालू शकत नाही..."

टाळ्या वाजल्या. काही जण रडले. हेलिकॉप्टर ढग येण्याआधी पोचलं. वरुट्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरांनी नंतर लिहिलं की पाय दोन-अडीच तास आधी हातात आला असता तर बोटं राहिली असती.

दोन-अडीच तास. दहाचा निरोप पोचला असता तर.

प्रश्न

गेटच्या बाहेर पडल्यावर, गाडीत:

"ताई, कधी लक्षात आलं तुमच्या?"

मी काचेतून बाहेर बघत होते. माझी पाठ सीटला चिकटत होती.

"घामाचं, म्हणजे," ती म्हणाली. "आत्ता, तिथे बसल्यावरच ना?"

तिनं प्रश्नाबरोबर उत्तरही दिलं होतं. मी फक्त हो म्हणायचं बाकी होतं. मी काहीच म्हटलं नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. तिला कळलं. आकडे वाचून जगणारी बाई आहे ती.

चौकशी

आठवड्यानं चौकशी अहवालाचा मसुदा आला. लेखिका डॉ. मैथिली तांबवेकर. पान चार:

"मापन ४०७ मधील ओले रीडिंग प्रचलित पद्धतीनुसार वगळण्यात आले. ही त्रुटी पद्धतीची आहे, व्यक्तीची नाही. चाचणीदरम्यान श्रीमती हर्षला तांबवेकर यांना तिचे महत्त्व लक्षात आले व त्यांनी स्वतःच्या शरीरावर मापन करून घेतले. त्यांच्या प्रसंगावधानाची नोंद घेण्यात यावी."

मी ते तीनदा वाचलं. एकही शब्द धडधडीत खोटा नव्हता. "चाचणीदरम्यान" एवढाच काय तो. तिनं माझी नोकरी वाचवली होती, माझं नाव अहवालात घातलं होतं, जे मथळ्यात कधी आलं नाही ते सरकारी कागदावर आणलं होतं. घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सासूबाईंना म्हणाली, "ताई नसत्या तर माझी काही खैर नव्हती." सासूबाईंनी माझी दृष्ट काढली.

मी मीठ-मोहऱ्यांचा वास घेत उभी राहिले आणि मला कळलं की हेही तिनं घेतलं. ज्येष्ठा घेतली ती घेतली. आता मोठेपणाही तिचाच. जन्मभर मी तिच्या उपकाराखाली वावरणार, ती कधी बोलून दाखवणार नाही, आणि न बोलून दाखवल्याबद्दल पुन्हा तीच चांगली.

दुसऱ्या दिवशी मी कच्ची वही घेऊन बेलसरेंच्या खोलीत गेले.

"हे काय आणलंत?"

"मापन चारशे सात, सर. शेऱ्याचा रकाना रिकामा होता. भरलाय."

त्यांनी वाचलं. मी लिहिलं होतं: हे रीडिंग घामाचं आहे हे मला गौरी आवाहनाच्या दिवशी दुपारी कळलं. चाचणीपर्यंत सोळा दिवस मी कुणालाही सांगितलं नाही. कारण मत्सर.

"मॅडम," बेलसरे म्हणाले, "हे असं लिहीत नाहीत."

"मग कसं लिहितात?"

"अहो, अहवाल जवळजवळ पुरा झालाय. तुमच्या जावेनं..." ते थांबले. "तुम्हाला कळतंय ना, याचं काय होईल?"

"चेंबर जाईल."

"चेंबर जाईल. कदाचित बरंच काही. का करताय हे? वरुट्यांसाठी?"

हो म्हणता आलं असतं. वरुट्यांसाठी, सत्यासाठी, मोजमापाच्या पावित्र्यासाठी. सगळ्या चांगल्या कारणांची नावं मला येतात. थोडी ती कारणंही असतील. पण मी मोजणारी आहे, आणि जे दिसेल ते लिहायचं असतं. खरं कारण हे होतं की क्षमा करण्याचा मानसुद्धा मला तिला मिळू द्यायचा नव्हता.

"सही कुठे करू?" मी विचारलं.

मैथिलीला संध्याकाळी कळलं. ती आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी कपाटातले कपडे उगाच लावत होते.

"मी लिहिलं होतं ना सगळं व्यवस्थित," ती म्हणाली. आवाज चढला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "काय गरज होती? तुम्हाला माझं काहीच चालत नाही का, ताई? काहीच?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं दार आपटलं. मला तिचा राग पहिल्यांदा दिसला आणि मी पलंगावर बसले. किती हलकं वाटलं ते कोणत्याही तक्त्यात बसणार नाही.

चेंबर गेलं. आता मी भांडारात आहे. तिच्या नव्या जाकिटात घाम मोजणारा धागा आहे, त्याला तिचं नाव दिलंय. ती गाडीत माझ्याशी कामापुरतं बोलते, मॅडम म्हणून, गेटच्या बाहेरसुद्धा.

मैथिली लॅबमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून आली तेव्हा तिचं स्थळ दिरासाठी मीच सुचवलं होतं, आणि सासूबाई नको म्हणत असताना तीन महिने हट्ट धरला होता.